जुन्या चित्रांवरून शिका करड्या छटांमधलं डिजिटल व्यक्तिचित्र

डिजिटल व्यक्तिचित्र करायला बसलं की बहुतेकांचा हात आधी डोळ्यांकडे जातो. पापण्या, बुबुळ, त्यातला चमकता ठिपका असं सगळं मन लावून होतं, आणि तरीही चेहरा सपाटच दिसतो. कुठे किती उजेड आणि कुठे किती अंधार, हा हिशेब चुकलेला असतो. तो शिकायचा तर काही काळ रंग बाजूला ठेवावेत, फक्त काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांमध्ये काम करावं आणि गुरू म्हणून जुनी तैलचित्रं समोर ठेवावीत. याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

फोटो समोर ठेवला तर का चालत नाही? चालतो, पण कॅमेरा समोरचं सगळं सारख्याच निष्ठेने टिपतो. चित्रकाराने निवड केलेली असते. कोणता भाग उजळ ठेवायचा, काय अंधारात सोडून द्यायचं, कोणती कडा पुसून टाकायची, हे सगळं त्याने ठरवून घेतलेलं असतं. अभ्यासचित्र, म्हणजे शिकण्यासाठी जुन्या चित्राची नक्कल, करताना आपण चेहऱ्याबरोबर हे निर्णयही वाचत असतो, म्हणून खरं शिक्षण तिथे होतं.

चित्र निवडताना

सुरुवातीला असं चित्र घ्या ज्यात उजेड एकाच बाजूने येतो आणि चेहऱ्यावरच्या सावलीला स्पष्ट आकार आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधलं डच चित्रकार रेम्ब्राँचं १६५९ सालचं आत्मचित्र यासाठी उत्तम. कपडे आणि पार्श्वभूमी गडद छटांमध्ये बुडालेली आहेत, सगळा उजेड चेहऱ्यावर गोळा झाला आहे. दुसरं चित्र स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझने १६५० मध्ये रोममध्ये रंगवलेलं हुआन दे पारेहाचं. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. याच्याकडे पुढे पुन्हा येऊ, कारण छटांचा सर्वांत महत्त्वाचा धडा त्यात आहे. ज्या चित्रांत चेहरा समोरून सारखा उजळलेला आहे आणि त्वचा अगदी गुळगुळीत रंगवली आहे, अशी चित्रं पहिल्या काही महिन्यांत टाळा. ती सोपी वाटतात, पण त्यांतले छटांचे फरक इतके बारीक असतात की नवशिक्याला धरता येत नाहीत.

प्रतिमा संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ॲमस्टरडॅमचं राईक्सम्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी मोठ्या आकाराच्या प्रतिमा मोफत देतात. मेट्रोपॉलिटननेही २०१७ पासून स्वामित्वहक्कमुक्त चित्रांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. इकडून तिकडून फिरत आलेल्या फाइलींमध्ये कोणीतरी कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो, कोणी पिवळेपणा काढलेला असतो. आपल्याला छटा मोजायच्या आहेत, तेव्हा मोजपट्टीच वाकडी नको.

रंगीत चित्राचं करडं चित्र

ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण इथे बरेच जण फसतात. सॅच्युरेशनचा (रंगाच्या तीव्रतेचा) स्लायडर शून्यावर नेला की चित्र काळं-पांढरं दिसतं खरं, पण अनेक सॉफ्टवेअरमध्ये या पद्धतीने शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्या छटेचे होतात. प्रत्यक्षात पिवळा किती उजळ आणि निळा किती गडद दिसतो! आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत तेजस्वी भासतो, लाल त्याहून बराच कमी आणि निळा सर्वांत कमी. संगणकाच्या पडद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रात तेजस्वितेतला हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरतात. लालसर गाल, ओठ आणि निळसर सावल्या यांच्या छटा बरोबर यायला हव्यात तर याच सूत्राने रूपांतर करावं लागतं.

क्रिटा आणि गिम्प ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. दोन्हींत डीसॅच्युरेट हा पर्याय उघडला की पद्धत निवडता येते. क्रिटात ल्युमिनॉसिटी आणि गिम्पमध्ये ल्युमिनन्स निवडा. फोटोशॉपमध्ये चित्राच्या वर एक पूर्ण काळी लेअर (चित्रावरचा वेगळा थर) ठेवून तिचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, कलर केला की काम होतं.

कॅनव्हास आणि ब्रश

कॅनव्हासची लहान बाजू २००० पिक्सेलच्या आसपास पुरे. मूळ चित्र आणि तुमचं चित्र पडद्यावर शेजारी-शेजारी आणि एकाच आकारात दिसतील अशी मांडणी करा, म्हणजे नजर आडवी फिरवून तुलना करता येते. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. पांढऱ्यावर कोणतीही छटा असते त्याहून गडद भासते, आणि मग सगळं चित्र फिकट होत जातं. आधी संपूर्ण कॅनव्हास मध्यम करड्याने भरून घ्या.

ब्रश दोनच. एक साधा गोल, कडक कडेचा, पेनच्या दाबानुसार अपारदर्शकता बदलणारा. दुसरा थोड्या खरखरीत पोताचा. मऊ एअरब्रश लपवून ठेवा. तो हाताशी असला की सगळं धूसर करून गोलाई आल्याचं समाधान मिळतं, आणि प्रतल, म्हणजे एकाच दिशेला तोंड केलेला सपाट भाग, पाहण्याची सवय लागतच नाही.

कॅनव्हासच्या कोपऱ्यात पाच चौकोन करून ठेवा: ब्राइटनेस १०, ३०, ५०, ७० आणि ९० टक्के. सुरुवातीचं सगळं काम या पाच छटांमध्ये करायचं. आणि एक नियम कडक पाळा: मूळ चित्रावरून कलर पिकरने (चित्रातला नेमका रंग उचलणाऱ्या साधनाने) छटा उचलायची नाही. उचललेली छटा बरोबर असते, पण ती शोधताना डोळ्याला जी मेहनत करावी लागते तीच तर आपल्याला हवी आहे. स्वतःच्या कॅनव्हासवरची छटा पुन्हा उचलायला मात्र काहीच हरकत नाही.

आधी टिकलीएवढं चित्र

मोठ्या चित्राला हात लावण्याआधी ३०० पिक्सेलचा एक छोटा कच्चा आराखडा करा. डोळे किलकिले करून मूळ चित्राकडे पाहा. तपशील विरघळतात आणि मोठे आकार उरतात. ते फक्त तीन छटांमध्ये मांडा: गडद, मध्यम, उजळ. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते डाग. एवढ्यानेही चित्र ओळखू येत असेल तर पाया पक्का. ओळखू येत नसेल तर पुढे तपशील कितीही भरला तरी ते सुधारणार नाही. दुसरा आराखडा करा, तिसरा करा. एका बैठकीत मोठं चित्र नाही झालं आणि असे चार आराखडे झाले, तरी ती बैठक सत्कारणी लागली असं मी मानतो.

रेखांकन

आता मोठ्या कॅनव्हासवर या. डोक्याचा एकूण आकार आधी सरळ रेषांनी बांधा, वळणं नंतर. चेहऱ्याची मधली रेषा कशी कललेली आहे ते पाहा. डोळे साधारणपणे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात. नवशिके ते हमखास वर काढतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरळ खाली रेघ सोडली तर ती नाकपुडीला कुठे स्पर्श करते, ओठाचा कोपरा त्याच्या आत आहे की बाहेर, अशा उभ्या-आडव्या तपासण्या करत राहा.

डोळ्या-नाकाच्या रेघांइतकीच महत्त्वाची एक रेघ नवशिके काढतच नाहीत: चेहऱ्यावर सावली जिथे सुरू होते ती सीमारेषा. कपाळावरून भुवईच्या हाडाकडे, गालाच्या उंचवट्यावरून हनुवटीकडे जाणारा तिचा वळणावळणाचा मार्ग काळजीपूर्वक काढा. साम्य बरंचसं तिच्यातच असतं. कॅनव्हास आडवा उलटवून पाहायची सवयही आत्ताच लावून घ्या. क्रिटात त्यासाठी एम ही कळ आहे.

उजेड आणि सावली यांची फाळणी

सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे, म्हणून इथे वेळ द्या. सीमारेषेच्या आतला सावलीचा सगळा भाग एकाच सपाट छटेने भरा. उजेडाचा भागही एकाच छटेने. डोळ्याची खाच, नाकाखालची, खालच्या ओठाखालची आणि हनुवटीखालची सावली एकमेकींना जोडलेली दिसत असेल तर जोडूनच भरा.

यानंतरचं सूत्र एकच: त्वचेच्या सावलीतला सर्वांत उजळ भागसुद्धा त्वचेच्या उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडद राहिला पाहिजे. सावलीत परावर्तित प्रकाश असतो, जबड्याच्या कडेला तो छान चमकतो, आणि तो दिसला की हात मोकळा सुटतो. तो उजेडाइतका उजळ झाला की चेहरा लगेच मोडतो. गोलाई जाते आणि डोकं कातडी ताणलेल्या मुखवट्यासारखं दिसू लागतं. परावर्तित प्रकाश तुम्हाला वाटतो त्याहून एक पायरी गडद ठेवा. डोळ्यांतल्या पांढऱ्याचंही तसंच. भुवईच्या खाचेत तो पांढरा नसतो, करडा असतो, आणि सावलीच्या बाजूच्या डोळ्यात तर चांगलाच गडद करडा.

आता हुआन दे पारेहाचं चित्र उघडा. हा वेलाझ्केझच्या कार्यशाळेतला गुलाम होता. त्याच १६५० साली वेलाझ्केझने त्याच्या मुक्ततेच्या कागदपत्रांवर सही केली, आणि पुढे तो स्वतंत्र चित्रकार झाला. त्याच्या सावळ्या चेहऱ्याखाली पांढरी लेसची कॉलर आहे. दोन्हींवर एकच उजेड पडतो, पण कपाळाचा मोठा उजळ भाग कॉलरच्या पांढऱ्यापेक्षा किती खाली आहे ते पाहा. वस्तूची स्वतःची छटा आणि तिच्यावर पडलेला उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलरच्या छटा आणि त्वचेच्या छटा यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत असं समजून काम करा. कपाळाच्या चमकेसाठी थेट पांढरा वापरलात तर चेहरा खडूचा होईल, आणि कॉलरला द्यायला काहीच उरणार नाही.

मधल्या छटा

फाळणी पक्की झाल्यावरच मधल्या छटा आणा. चेहऱ्याचा प्रत्येक भाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे, असा विचार करत पुढे जा. कपाळाचा समोरचा भाग आणि कानशिलाची बाजू, नाकाचा दांडा, नाकाची बाजू आणि नाकाचा तळ. दिशा बदलली की छटा बदलते, इतकं साधं तत्त्व. उजेड वरून येत असेल तर वरचा ओठ खाली वळलेला म्हणून गडद आणि खालचा ओठ वर वळलेला म्हणून उजळ. प्रत्येक प्रतल कडक ब्रशच्या एका-दोन फटकाऱ्यांत ठेवा. या टप्प्यावर चेहरा लाकडात कोरल्यासारखा खडबडीत दिसतो, आणि तसाच दिसायला हवा.

कडा

कडा चार प्रकारच्या धरून चाला: धारदार, पक्की, मऊ आणि हरवलेली. धारदार कडा नजर खेचते, म्हणून ती मोजक्याच जागी. हाड जवळ असतं तिथे, किंवा एका भागाची सावली दुसऱ्यावर पडते तिथे ती शोभते, उदाहरणार्थ नाकाची गालावर पडलेली सावली. गालासारख्या मांसल भागावर सावली हळूहळू वळते, तिथे कडा मऊ.

हरवलेल्या कडेसाठी डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी पाहा. सुमारे १६६५ मधलं हे चित्र द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. नाकाचा दांडा आणि त्यामागचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही. दोन्ही एका छटेत मिसळले आहेत आणि तरीही आपला डोळा नाक पूर्ण करून घेतो. मोतीही तसाच: वरच्या बाजूला एक उजळ ठिपका, खाली कॉलरचं मऊ प्रतिबिंब, बाकी काही नाही. मोती कानाला अडकवणारी कडीसुद्धा रंगवलेली नाही. पार्श्वभूमीबाबत मात्र सावध राहा. संग्रहालयाने २०१८ मध्ये केलेल्या तपासणीतून समोर आलं की आज काळपट दिसणाऱ्या त्या जागी मुळात हिरवा पडदा होता, काळाच्या ओघात त्याचा रंग उतरला. जुन्या चित्रांची गडद पार्श्वभूमी आणि पिवळं पडलेलं व्हार्निश हे नेहमी चित्रकाराचंच मत असतं असं नाही.

मऊ कडा स्मज टूलने (रंग बोटाने पसरवल्यासारखं करणाऱ्या साधनाने) करू नका. दोन्ही बाजूंच्या छटांमधली छटा स्वतःच्या कॅनव्हासवरून उचला आणि कडेवर हलक्या दाबाने ठेवा. गरज वाटली तर पुन्हा मधली उचला. फटकारे दिसत राहतात आणि रंगवलेपण टिकतं. रेम्ब्राँच्या चित्रात उजेडातला रंग जाड आणि सावलीतला पातळ असतो. डिजिटलमध्ये त्याचं भाषांतर असं: उजळ भागात खरखरीत ब्रश, ठसठशीत फटकारे, सावलीत सपाट, शांत, तपशील जवळजवळ नाही.

डोळ्यातला ठिपका, नाकाच्या शेंड्यावरची चमक, खालच्या ओठावरचा ओलावा हे सर्वांत शेवटी. पाचांच्या पट्टीबाहेरचा सर्वांत उजळ रंग इथे पहिल्यांदाच वापरायचा, तोही दोन-तीन ठिकाणी.

तपासणी

चित्र संपलं असं वाटल्यावर मूळ चित्र तुमच्या चित्रावर वेगळ्या लेअरमध्ये ठेवा आणि त्याची अपारदर्शकता ५० टक्के करा. रेखांकनातले फरक लगेच दिसतील. नंतर दहा जागा निवडून दोन्ही चित्रांतल्या छटा कलर पिकरने मोजा आणि आकडे शेजारी लिहून ठेवा. बहुतेकांच्या आकड्यांत एक ठरावीक कल सापडतो: कोणाच्या सावल्या सतत फिकट पडतात, कोणाचे मधले भाग सगळे ५० टक्क्यांच्या आसपास गोळा होतात. तुमचा कल कळला की पुढच्या चित्रात त्यावर लक्ष ठेवता येतं. झालेलं चित्र आकडे पाहून दुरुस्त करत बसू नका, पुढचं घ्या.

त्याच चित्रावरचं आणखी काम

दुसऱ्या दिवशी मूळ चित्र न पाहता, आठवणीतून, तेच चित्र तीन छटांमध्ये पुन्हा करा. त्यानंतर एखाद्या फोटोतला वेगळा चेहरा घ्या आणि त्याला अभ्यासलेल्या चित्रातला उजेड द्या. ही कसरत अवघड आहे, पण छटा पाठ झाल्या आहेत की समजल्या आहेत हे तिच्यातच कळतं.

नेहमीच्या वरून येणाऱ्या उजेडाची सवय झाल्यावर चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र अभ्यासाला घ्या. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातातल्या दिव्याचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो, म्हणजे वर लिहिलेलं ओठांचं गणित इथे उलटं होतं. दिव्यावर धरलेल्या बोटांमधून प्रकाश आरपार झिरपतो, तिथे उजेड आणि सावलीची फाळणीही नव्याने विचार करून करावी लागते. चेहरा तीन छटांमध्ये जमल्याशिवाय त्या बोटांना हात घालू नका.