लग्नाच्या गाऊनची बाही कशी निवडावी?

गाऊन बघताना सगळं लक्ष गळ्याकडे आणि घेराकडे जातं, बाहीचा विचार अगदी शेवटी होतो. पण दिवसभर काचणार ती बाहीच, आणि कमरेपर्यंतच्या प्रत्येक फोटोत दिसणारही तीच.

१. आधी गळा ठरवा. ऑफ-शोल्डर गाऊनची बाही खांद्यावर नाही, दंडावर बसते. त्यामुळे हात फार वर जात नाहीत. भरपूर नाचायचं असेल तर हा प्रकार मी तरी सुचवणार नाही.

२. मग लांबी. बाही संपते तिथे नजर थांबते. दंडाच्या सगळ्यात भरलेल्या भागावर ती संपू देऊ नका, दोन बोटं खाली घ्या. दंड झाकायचे म्हणून कॅप स्लीव्ह, म्हणजे जेमतेम खांदा झाकणारी छोटी बाही घेतात, पण तिने दंड झाकलेच जात नाहीत. थ्री-फोर्थ बाही बहुतेकींना शोभते आणि ब्रेसलेटही मोकळं दिसतं.

३. आकार. १९८१ साली डायनाच्या गाऊनला मोठ्ठे पफ होते, २०११ मध्ये केट मिडलटनने लेसची अंगाबरोबरची पूर्ण बाही घातली. पफ घेणार असाल तर बाकीचा गाऊन साधा ठेवा. बेल बाही, म्हणजे खाली घंटेसारखी पसरणारी, सुंदर दिसते, पण जेवताना ताटात जाते.

४. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो खांदा-काखेभोवतीचा घेर, तपासा. ट्रायलला हे हमखास राहून जातं. मुंढा खोल असेल तर हात मोकळा राहील असं वाटतं. होतं नेमकं उलट. बाही अंगाबरोबरची असेल तर हात उचलताच अख्खा गाऊन वर ओढला जातो. मुंढा काखेला न टोचता जितका जवळ, तितका हात सुटा. म्हणून आरशासमोर नुसतं उभं राहू नका. दोन्ही हात वर करा, कुणाला तरी मिठी मारा, खुर्चीत बसून कोपर वाकवा. लग्नात घालणार तीच ब्रा घालून हे करा. कुठे ओढ बसली तर काखेत छोटा तुकडा जोडता येतो. शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, आहे का, तेही विचारा.

५. कापड. अस्तर लावलेली सॅटिनची बाही ताणत नाही, तिला सैलपणा हवाच. ताणणारी नेट अंगाबरोबर बसते. लेस आतून टोचते का, हे दंडाच्या आतल्या बाजूला घासून बघा.

ठरतच नसेल तर टिचबटणांवर काढता-घालता येणारी बाही करून घ्या. मात्र हे गाऊन शिवायला टाकतानाच सांगा. नंतर त्याच छटेचं कापड मिळेलच असं नाही.