वाइनमधले कीडनाशकांचे अंश कसे तपासावेत

तपासणीची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, द्राक्षबागेच्या फवारणीच्या वहीत होते. केवडा, भुरी, तुडतुडे यांसाठी काय फवारलं, त्या यादीवरून तपासणीची यादी ठरवा. यादीत नसलेलं औषध यंत्राला दिसत नाही आणि अहवाल स्वच्छ येतो. 2010 साली युरोपला गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकामुळे, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत लिहोसीनमुळे, अडकली. त्या औषधासाठी तपासणीच होत नव्हती. वाइनलाही हाच धडा लागू आहे.

एका लॉटच्या (एकाच वेळी भरलेल्या मालाच्या) किमान दोन न उघडलेल्या बाटल्या घ्या. एक तपासणीला, दुसरी सीलबंद ठेवून फेरतपासणीला. स्पार्कलिंग वाइन असेल तर आधी अल्ट्रासोनिक बाथमध्ये गॅस काढून टाका, नाहीतर वजन चुकतं आणि नळी हलवताना झाकण उडतं.

अर्क काढायला क्वेचर्स (QuEChERS) ही सॉल्व्हंट आणि क्षारांनी झटपट अर्क काढण्याची पद्धत पुरेशी आहे. 50 मिलीच्या सेंट्रिफ्यूज नळीत 10 ग्रॅम वाइन वजन करून घ्या. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या प्रमाणात मिसळायचा पदार्थ, म्हणून ट्रायफेनिल फॉस्फेट याच टप्प्यावर टाका. मग 10 मिली अॅसिटोनायट्राइल घालून एक मिनिट जोरात हलवा. आता 4 ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, 1 ग्रॅम मीठ (सोडियम क्लोराइड), 1 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट आणि 0.5 ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट सेस्क्विहायड्रेट एकदम टाका आणि ताबडतोब हलवा. क्षणभर थांबलात तरी मॅग्नेशियम सल्फेटचा दगड होतो आणि त्यात पाणी, औषध दोन्ही अडकतं. नळी गरम होईल, बर्फात धरा. मग 5 मिनिटं सेंट्रिफ्यूज करा.

वाइन इथेच द्राक्षापेक्षा वेगळी वागते. 13 टक्क्यांच्या वाइनमधल्या अल्कोहोलचा बराच भाग वरच्या अॅसिटोनायट्राइलच्या थरात जातो, त्यामुळे तो थर 10 मिलीपेक्षा जास्त भरतो. हिशेबात 10 मिली धरलेत तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. थर वेगळे होण्याआधी टाकलेलं इंटर्नल स्टँडर्ड हीच चूक भरून काढतं. नंतर टाकलं तर त्याचा काही उपयोग नाही.

वरच्या थरातला 1 मिली अर्क 150 मिलीग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि 25 मिलीग्रॅम पीएसए (प्रायमरी-सेकंडरी अमाइन, शुद्धीकरणाची भुकटी) असलेल्या छोट्या नळीत हलवून सेंट्रिफ्यूज करा. पीएसए वाइनमधली सेंद्रिय आम्लं आणि बराचसा रंग धरून ठेवतं. रेड वाइनचा रंग काढायला काळ्या कार्बनचा मोह होतो, पण कार्बेंडाझिम, थायाबेंडाझोलसारखी सपाट रेणूंची औषधंही तो शोषतो, म्हणून शक्यतो टाळा. 2,4-डीसारखी आम्लधर्मी तणनाशकं पीएसएलाच चिकटतात. ती शोधायची असतील तर न शुद्ध केलेला अर्क वापरा. शुद्ध अर्कात दर मिलीला 10 मायक्रोलिटर 5 टक्के फॉर्मिक अॅसिड घाला, अल्कलीत तुटणारी औषधं टिकतात.

पुढे एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस, म्हणजे औषधं द्रवात (एलसी) किंवा वायूत (जीसी) वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारी यंत्रं. एलसीवर अर्क पाणी घालून पातळ करूनच सोडा. शुद्ध अॅसिटोनायट्राइलमध्ये मेथोमिल, असेफेटसारख्या लवकर बाहेर येणाऱ्या औषधांचे आलेखावरचे उंचवटे (पीक) पसरतात. कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांवर यंत्र जुळवणं, कीडनाशक नसलेल्या वाइनच्या अर्कात करा, रेडसाठी रेड आणि व्हाइटसाठी व्हाइट. साध्या सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डवर केलेला हिशेब रेड वाइनच्या रंगद्रव्यांमुळे सहज भलतीकडे जातो.

प्रत्येक बॅचबरोबर 0.01 मिलीग्रॅम प्रति किलो इतकं औषध मिसळलेला नमुनाही चालवा. पद्धत पडताळताना सरासरी रिकव्हरी (मिसळलेल्यापैकी परत मिळालेलं औषध) 70 ते 120 टक्क्यांत आणि आरएसडी (पुन्हा पुन्हा केलेल्या मोजणीतला फरक) 20 टक्क्यांच्या आत असावी. ओळख पटवायला औषधाचे दोन आयन (यंत्रात होणारे विद्युतभारित तुकडे) लागतात, त्यांचं गुणोत्तर स्टँडर्डच्या 30 टक्क्यांच्या आत आणि रिटेन्शन टाइमचा (औषध यंत्रातून बाहेर यायला लागणाऱ्या वेळेचा) फरक 0.1 मिनिटाच्या आत हवा.

या एका अर्कातून सगळं दिसत नाही. मॅन्कोझेब या बुरशीनाशकासाठी स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजावा लागतो, पण त्यातून मॅन्कोझेब, मेटिराम की थायरम हे कळत नाही. रबरी हातमोजेही हाच वायू देतात. मॅन्कोझेब तुटून झालेलं ईटीयू (इथिलीनथायोयुरिया) पाण्यात विरघळतं, पण ते या चाचणीत येत नाही. त्यासाठी एलसीवर वेगळी तपासणी करा. ग्लायफोसेट, फॉसेटिल आणि लिहोसीन यांनाही वेगळी पद्धत लागते.

फोलपेट या बुरशीनाशकाबाबत खास सावध राहा. वाइनमध्ये ते तुटून थॅलिमाइड होतं, जीसीच्या गरम इनलेटमध्येही (नमुना सोडण्याच्या तोंडाशीही) तसंच. पण थॅलिक अनहायड्राइडपासूनही इनलेटमध्ये थॅलिमाइड तयार होतं, तेव्हा केवळ थॅलिमाइड दिसलं म्हणून फोलपेट फवारलं असं लिहू नका. फवारणीची वही पाहा.

निकाल कायद्याने चालणाऱ्या कमाल अंशाच्या मर्यादेजवळ असेल तर राखून ठेवलेली बाटली उघडून पुन्हा चालवा. युरोपातल्या मर्यादा द्राक्षांवर ठरलेल्या आहेत, वाइनवर नाहीत. म्हणून वाइनमधला आकडा त्या औषधाच्या प्रोसेसिंग फॅक्टरने (वाइनमधला अंश भागिले द्राक्षातला अंश) भागून द्राक्षाच्या मर्यादेशी ताडा, आणि अहवालात तो फॅक्टर व 50 टक्क्यांची मापन अनिश्चितता दोन्ही नोंदवा.