ऋतू पालटण्याआधी: मुलांच्या कपाटापासून स्वतःच्या व्यायामापर्यंतची तयारी

ऋतुबदलाची तयारी हवा बदलण्याच्या साधारण तीन आठवडे आधी सुरू करावी. ठेवणीतले कपडे धुऊन पूर्ण वाळवायला, उसवलेले शिवून घ्यायला, तोकडे झालेले बदलायला आणि मुलाला नवे बूट अंगवळणी पडायला मोकळा वेळ लागतो, आणि लहान मुले असलेल्या घरात असा वेळ आठवड्यातून जेमतेम एकदा मिळतो. ही यादी कोणा एकाच्या डोक्यात राहू नये. ती कागदावर उतरवून घरातल्या सर्व मोठ्या माणसांना दिसेल अशा जागी लावावी, म्हणजे आठवण ठेवण्याचे ओझे एकट्यावर पडत नाही. खरेदी या यादीत सर्वांत शेवटी यावी आणि पालकाच्या स्वतःच्या कपड्यांना व व्यायामालाही तीत जागा असावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम म्हणजे ठेवणीतले सगळे कपडे एकदम बाहेर काढून दिवसाउजेडी पलंगावर पसरणे. थोडे थोडे काढत गेल्यास घरात नेमके काय आहे याचा अंदाज येत नाही आणि तिसरे जाकीट विकत आणल्यावर दुसरे सापडते. प्रत्येक कपड्याची चेन खालपासून वरपर्यंत लावून पाहावी, बटणे ओढून पाहावीत, काखेतली आणि जांगेतली शिवण उलटी करून तपासावी, कमरेचे इलॅस्टिक ताणल्यावर परत आखडते का ते पाहावे. मानेशी शिवलेली खरखरीत चिठ्ठी आधीच उसवून टाकावी; अनेक मुले चांगला स्वेटर केवळ ती टोचते म्हणून अंगावर ठेवत नाहीत आणि लहान मुलांना ते कारण शब्दांत सांगता येत नाही.

याच वेळी टोपीच्या व गळ्याच्या नाड्यांकडे बारकाईने पाहावे. घसरगुंडीच्या फटीत किंवा वाहनाच्या दारात नाडी अडकून मुलांचे जीव गेले आहेत, आणि म्हणूनच अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या जाकिटांवरील नाड्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. गळ्याची व टोपीची नाडी पूर्ण काढून टाकावी. कमरेची नाडी ठेवायचीच असेल, तर कपडा पूर्ण ताणलेला असताना ती दोन्ही बाजूंना साडेसात सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर येऊ नये, तिच्या टोकांना गाठी वा मणी नसावेत आणि ती मध्यभागी टाका घालून पक्की केलेली असावी. नातेवाइकांकडून आलेल्या जुन्या कपड्यांच्या बाबतीत ही तपासणी कधीही टाळू नये.

कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले असतील, तर ते बाळाच्या अंगावर थेट घालू नयेत. या गोळ्यांतील नॅफ्थॅलीनची वाफ कापडात मुरते आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये तिच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ व रक्तक्षय होऊ शकतो. ही कमतरता अनेकदा तोवर लक्षात आलेली नसते, त्यामुळे बाळाच्या कपड्यांत या गोळ्या मुळीच न वापरणे हाच सुरक्षित मार्ग आहे. त्यांची गरजही फारशी पडत नाही. लोकरीला लागणाऱ्या कसरीच्या अळ्या घामाचे आणि सांडलेल्या अन्नाचे डाग असलेला भाग आधी कुरतडतात. म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की बरेचसे काम होते. लोकरीचे कपडे गार पाण्यात धुवावेत आणि आडवे पसरून वाळवावेत. दोरीवर टांगले की पाण्याच्या वजनाने ते ओघळतात.

यानंतर मापे घ्यावीत, आणि ती मुलाच्या अंगावर कपडा चढवूनच घ्यावीत, कारण चिठ्ठीवरचे वय आणि मुलाची अंगकाठी यांचा मेळ क्वचितच बसतो. मुलाला दोन्ही हात वर करायला सांगावे: पोट उघडे पडले तर कपडा आखूड झाला आहे. मग उकिडवे बसायला सांगावे: कमरेचा मागचा भाग उघडा पडला किंवा गुडघ्यावर कापड ताणले, तर विजार बदलण्याची वेळ आली आहे. बुटांचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल थोडे सुजते. बुटातले आतले तळवे सुटे असतील, तर ते काढून जमिनीवर ठेवावेत आणि त्या ऋतूत घालायचे पायमोजे घालून मुलाला त्यांवर उभे करावे. टाच मागच्या कडेला टेकलेली असताना सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, आणि सर्वांत लांब बोट दरवेळी अंगठाच असतो असे नाही. दोन्ही पावले मोजावीत आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. तीन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ही मोजणी दर दोन-तीन महिन्यांनी करणे आवश्यक आहे. थंडीत जाड मोजे कोंबून बसवलेला घट्ट बूट पाय गार पाडतो, कारण त्यात हवेला जागा राहत नाही आणि रक्तप्रवाहही दबतो.

थंडीसाठी एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन थर तयार ठेवावेत. ऊब कापडात नसून थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. अंगालगतचा थर घाम दूर नेणारा असावा: पातळ लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कापड. सुती कापड घाम शोषून ओले राहते आणि ओले सुती कापड अंगाची उष्णता ओढून घेते, त्यामुळे धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलांना कडाक्याच्या थंडीत आतून सुती कपडा देऊ नये. मधला थर हवा धरून ठेवणारा, स्वेटरचा किंवा फ्लीस या मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचा, आणि बाहेरचा वारा व पाणी अडवणारा. प्रत्येक थर मुलाला स्वतः काढता-घालता येईल असा असावा, कारण शाळेत दर तासाला मदतीला कोणी असेलच असे नाही. हातमोजे घातलेल्या बोटांना चेन ओढता यावी म्हणून तिच्या टोकाला छोटी पट्टी ओवून द्यावी. मुलाला थंडी वाजते का हे हातपाय चाचपून ठरवू नये, ते ऊबदार मुलाचेही गार असू शकतात. मानेमागे कॉलरच्या आत दोन बोटे घालावीत. तिथे त्वचा कोमट आणि कोरडी लागली तर कपडे योग्य आहेत, ओलसर लागली तर एक थर कमी करावा. गळ्याभोवती लांब मफलरऐवजी डोक्यातून घालायची पट्टी बरी, आणि हातमोज्यांचा एक जादा जोड दप्तरात कायम असावा.

तान्ह्या बाळासाठी साधारण नियम असा की, त्याच हवेत मोठ्या माणसाला जितके थर लागतात त्याहून एक अधिक घालावा. हा नियम जागेपणी बाहेर नेण्यासाठी आहे. झोपताना बाळ अति तापणे धोक्याचे असते, म्हणून घरात झोपवताना टोपी काढावी आणि वर्षाखालील बाळाच्या पाळण्यात सुट्या रजया, उशा किंवा दुलया ठेवू नयेत. अंगात घालायची बिनबाह्यांची झोपपिशवी वापरावी. मोटारीतील बालआसनात बसवताना फुगीर जाकीट आधी उतरवावे. धडकेच्या क्षणी जाकिटातला कापूस दबतो आणि पट्टा व छाती यांच्यात मोकळी जागा तयार होते. पट्टा लावल्यावर गळ्याच्या हाडापाशी तो चिमटीत धरून पाहावा: चिमटीत घडी आली तर पट्टा ढिला आहे. पट्टा नीट बसला की जाकीट वरून पुढच्या बाजूने पांघरावे.

उन्हाळ्याची यादी त्या मानाने आटोपशीर आहे. अतिनील किरणांचा निर्देशांक, म्हणजे उन्हातील त्वचेला घातक किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ३ किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षण हवे. रुंद कडेची टोपी, सैल व दाट विणीचे लांब बाह्यांचे कपडे यांना पहिला मान द्यावा. उघड्या त्वचेवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षण दाखवणारा आकडा) ३० किंवा त्याहून अधिकचे क्रीम बाहेर पडण्यापूर्वी लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील बाळाला क्रीमवर विसंबून उन्हात नेऊ नये, सावलीतच ठेवावे. पावसाळ्यासाठी भडक रंगाचा रेनकोट घ्यावा. टोपीमुळे बाजूचे दिसत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून पाहायची सवय मुलाकडून घरातच करून घ्यावी.

घरात समारंभ असेल तर त्या दिवसाचे कपडे वेगळे काढावेत, आणि ते किमान एकदा आधी अंगावर घालून मुलाला तासभर घरात खेळू द्यावे. नवा कपडा कुठे काचतो, बूट कुठे चावतो, स्वतःचे स्वतः शौचाला जाताना बटणे सुटतात का, हे त्या तासात कळते. दिवे किंवा मेणबत्त्या लागणार असतील, तर झालरी, सैल बाह्या आणि लोंबते पदर मुलांच्या अंगावर नसावेत. फुगे फुगवण्याचे काम मोठ्यांनी करावे, आठ वर्षांखालील मुलांच्या हाती न फुगवलेला रबरी फुगा देऊ नये आणि फुटलेल्याचे तुकडे लगेच उचलावेत, कारण ते घशात चिकटून श्वास बंद करतात. वाजणारी शुभेच्छापत्रे, लुकलुकणारी खेळणी यांतील चपट्या बॅटऱ्यांचे झाकण स्क्रूने बसवलेले आहे का ते पाहावे. गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा करते, आणि तसा नुसता संशय आला तरी रुग्णालयात तातडीने जावे. मुलासाठी एक शांत खोली आणि झोपेची ठरलेली वेळ पाहुण्यांच्या सोयीहून आधी ठरवावी. मुलाने कोणाच्या मांडीवर बसायचे, कोणाला मिठी मारायची हे त्याच्या मर्जीवर सोडावे आणि तसे नातेवाइकांना आदल्या दिवशीच प्रेमाने सांगून ठेवावे.

शेवटी पालकाचे स्वतःचे शरीर, जे बहुतेक याद्यांतून गळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाचा १५० ते ३०० मिनिटे व्यायाम करावा आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण दिवसाला सरासरी ६० मिनिटे आहे. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजायची नाही ही जुनी अट या मार्गदर्शनात राहिलेली नाही, आणि लहान मुलांच्या आईवडिलांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे: मुलाला शाळेत सोडून परतताना भरभर चाललेली सात मिनिटे, बागेत त्याच्यामागे धावलेली पाच मिनिटे हिशेबात धरता येतात. स्नायूंच्या व्यायामाचे दोन दिवस मात्र कॅलेंडरवर लिहावेत आणि त्या वेळी मूल कोणाकडे असेल हेही तिथेच लिहावे, नाहीतर ते होत नाहीत.

ऋतू बदलताना हा व्यायाम तुटतो तो बहुधा कपड्यांअभावी. थंडीत असे कपडे घालावेत की बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटे किंचित गार वाटेल. दारातच ऊब वाटली तर थोड्याच वेळात घाम येतो आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. शरीर तापवण्याचे सुरुवातीचे व्यायाम घरातच उरकावेत. उन्हाळ्याच्या आरंभी वेग व वेळ दोन्ही कमी ठेवून दररोज थोडे वाढवावे, कारण शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. दिवस लहान होऊ लागले की पहाटे वा सांजवेळी चालणाऱ्याने अंगावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावावी. ती घोट्यांवर बांधली तर पायांच्या हालचालीमुळे वाहनचालकाच्या लवकर नजरेत येते. व्यायामाचे कपडे आणि बूट रात्रीच दाराशी काढून ठेवावेत, मुलाच्या दप्तराच्या शेजारी.