सांस्कृतिक मध्यस्थीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास फोन सुरू होतात. "सर, इरॅस्मस मुंडसला अर्ज करायचाय, एखादा तयार एसओपी असेल तर पाठवा ना." इरॅस्मस मुंडस म्हणजे युरोपीय संघाची मास्टर्ससाठीची शिष्यवृत्ती, आणि एसओपी म्हणजे आपण कोण आणि हा कोर्स का करायचा, हे सांगणारा अर्जातला निबंध. खान्देशातली मुलं सांस्कृतिक मध्यस्थीकडे, म्हणजे भाषा-रीती वेगळ्या असलेल्या माणसांना एकमेकांचं म्हणणं उलगडून सांगण्याच्या कामाकडे, वळताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. अहिराणी, भिली, पावरी, गुजरी, लेवा बोली कानावर पडत जी मुलं वाढली, त्यांनी दोन समाजांमध्ये उभं राहून बोलणं घडवायचं नाही, तर कोणी? पण अर्ज दरवर्षी त्याच त्याच चुकांपायी बाद होतात, आणि त्यातल्या बहुतेक चुका घाईच्या असतात.

स्वतःचं काम सोडून भलतंच लिहिणं

ही सगळ्यांत मोठी. एसओपीची सुरुवात ठरलेली: 'मला लहानपणापासून संस्कृतीची आवड आहे.' मग अजिंठा, मग युनेस्को, मग पूर्व-पश्चिमेला जोडण्याचं स्वप्न. असे अर्ज निवड समितीपुढे ढिगाने येतात. त्यातून तुम्ही कोण, हे कळायला काही मार्गच उरत नाही.

शिरपूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी, एमएसडब्ल्यू झालेली. तिने दोन पानं लिहून आणली होती आणि त्यातलं निम्मं अजिंठ्यावर. मी सहज विचारलं, सुट्टीत काय करतेस? म्हणाली, "काही नाही सर. नर्सबाईंबरोबर पाड्यांवर जाते. बायका पावरीत बोलतात, ते त्यांना सांगते." खोदून विचारल्यावर एक प्रसंग निघाला. एका गरोदर बाईला धुळ्याला हलवायचं होतं आणि घरचे तयार होईनात. नर्सबाईंना वाटलं, हट्टाने अडून बसलेत. या मुलीने सासूजवळ बसून बोलून घेतलं. घरातला कर्ता माणूस होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला गेलेला, त्याला विचारल्याशिवाय निर्णय होणार नव्हता. शिवाय मोठ्या दवाखान्यात आपली भाषा कोणाला कळणार नाही, ही सासूची धास्ती. मुलीने त्या माणसाला फोन लावून दिला आणि स्वतः गाडीत बसून त्यांच्याबरोबर धुळ्यापर्यंत गेली.

"हे अर्जात का नाही?" तर म्हणे, "सर, ते काय काम थोडंच आहे?"

अगं, हेच तर काम आहे! इटलीत दवाखाने, शाळा, स्थलांतरितांची कार्यालयं यांत सांस्कृतिक मध्यस्थ नेमतात, ते नेमकं हेच करतात. त्या वर्षी मुदत हातची गेली, कारण सगळं नव्याने लिहावं लागलं. पुढच्या वर्षी तोच प्रसंग पहिल्या परिच्छेदात ठेवून अर्ज गेला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि बराचसा वेळ त्या एका प्रसंगावरच प्रश्न झाले.

माझी पद्धत साधी आहे. आधी लिहायचंच नाही. आपल्या बोलीत, घरच्या माणसाला सांगावं तसं, मोबाइलवर बोलून ठेवायचं. मग ते ऐकून मराठीत उतरवायचं. इंग्रजी सगळ्यांत शेवटी. वेळ जातो, जाऊ द्या. एआयकडून रात्रीत लिहून घेतलेला एसओपी मी तपासत नाही, कारण त्यात तपासण्यासारखं तुमचं काही नसतं.

नियमावली न वाचता कागद गोळा करणं

अमळनेरकडचा एक हुशार मुलगा. कानबाई या खान्देशातल्या देवीच्या गाण्यांवर परदेशात संशोधन करायचं ठरवलं आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी तयारीला लागला. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीची ही योजना. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, वय ३५ च्या आत, सगळं जुळत होतं. तहसीलच्या चकरा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं झालं. मग मूळ सूचना उघडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या नियमांत साफ लिहिलं होतं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन असे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत.

हा नियम मला अन्यायाचा वाटतो. ज्यांच्या घरात ही संस्कृती जगली जाते, त्यांनाच त्यावर शिकायला पैसे नाहीत. पण राग आला म्हणून अर्ज मंजूर होत नाही. चालू वर्षाची सूचना छापून घ्या, पेन घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, आणि मगच तहसीलची पायरी चढा. यूट्यूबवरच्या सात मिनिटांच्या व्हिडिओवर विसंबू नका. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची योजना वेगळ्या मंत्रालयाची आहे आणि राज्याची आणखी वेगळी. चौकशी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

कोर्सचं नाव पाहून भुलणं

काही अभ्यासक्रम संग्रहालय आणि प्रेक्षक यांच्यातल्या कामाचे असतात, काही स्थलांतरित आणि सरकारी यंत्रणा यांच्यातल्या. नावं सारखीच दिसतात. विषयांची यादी वाचा. नाचाचा वारसा हा तुमचा विषय असेल, काठी गावच्या होळीत तुम्ही स्वतः नाचला असाल, तर कोरिओमुंडससारखा कोर्स जास्त जवळचा.

प्रवेश म्हणजेच शिष्यवृत्ती समजणं

एका घरी पेढे वाटून झाले आणि मग पत्राची दुसरी ओळ वाचली: प्रवेश मिळाला, खर्च स्वतःचा. आईवडिलांचे चेहरे बघवले नाहीत. पत्र आधी पूर्ण वाचा, गावाला नंतर सांगा.

पैशाचा हिशेब अर्धाच करणं

इरॅस्मस मुंडसची शिष्यवृत्ती महिना १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. शिकवणीची फी भरावी लागत नाही. मात्र विमानाचं तिकीट आणि व्हिसा यांचे पैसे वेगळे मिळत नाहीत, ते याच १४०० मध्ये धरलेले असतात. पहिला हप्ता हाती येण्याआधीचा खर्च घरूनच करावा लागतो. कापूस विकला जाईल तेव्हा बघू, असं म्हणू नका, आधीच बाजूला काढा.

अनुभवाची अट हलकी घेणं

ब्रिटन सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर देशात परतून दोन वर्षं राहावं लागतं. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये कला व वारसा व्यवस्थापन हा विषय आहे, पण तिथे तीन वर्षांची पूर्णवेळ पगारी नोकरी हवी आणि नुसतं तीन वर्षांचं बीए चालत नाही. निकाल लागला की लगेच अर्ज, ही घाई इथे उपयोगाची नाही. दोन-तीन वर्षं काम करा. धडगाव-अक्कलकुव्यात काम आहे, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी शिकण्यासारखं आहे.

शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यात मागणं

मग 'विद्यार्थी सुस्वभावी आहे' एवढंच हाती येतं. महिनाभर आधी सरांना भेटा, आपण काय काय केलं त्याचं एक पान लिहून द्या.

नावात फरक

दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

राखीव (प्रतीक्षा) यादीत नाव आल्यावर गप्प बसणं

वरचे लोक नकार देतात आणि जागा खाली सरकते. उत्तराला मुदत कमी असते. ईमेल रोज पाहा, स्पॅमसकट, आणि "मी तयार आहे" हे उत्तर त्याच दिवशी पाठवा.