पोरं परदेशात, घर खान्देशात: नेट कनेक्शन घेताना या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, अमळनेर, फैजपूर, शिरपूर, कुठेही जा. गल्लीत एखादं तरी घर असं सापडतं ज्याची मुलं जर्मनीत, अमेरिकेत नाहीतर दुबईत आहेत. अशा घरात नेट येतं ते मुख्यतः एका कामासाठी. रात्री नातवंडं दिसावीत आणि सणावाराला इथलं चित्र तिकडे पोचावं. मी या भागात नेटच्या लाइनी टाकतो, बिघाड काढतो. फोन ठरलेला असतो, "भाऊ, आवाज येस नही." जाऊन बघितलं की बहुतेक वेळा दुखणं त्या दिवसाचं नसतं, कनेक्शन घेतानाच घरात आलेलं असतं. त्याच त्या चुका पाहून जीव कंटाळलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

"यूट्यूब झकास चालतं, म्हणजे नेट झकास"

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब आपला माल साठवणारी यंत्रं भारतातल्या इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवतात. तुम्ही घरी जो सिनेमा बघता तो अमेरिकेतून येत नाही, मुंबईहून किंवा त्याहूनही जवळून येतो. शिवाय तो पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये लाइन थोडी गचकली तरी तुम्हाला कळत नाही. व्हिडिओ कॉलला ही सोय नाही. बोललेला शब्द त्याच क्षणी जावा लागतो, आणि तो तुमच्या घरातून बाहेर जावा लागतो. म्हणजे तिथे अपलोडचा वेग लागतो. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा असतो डाउनलोडचा.

अमळनेर तालुक्यातलं एक घर. श्रावण, नागपंचमीनंतरचा रविवार, घरात कानबाई (खान्देशातली देवी) बसलेली. आपल्याकडे कानबाईला घर कसं भरतं ते सांगायला नको. सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून सगळी भावकी आलेली. थोरला मुलगा न्यू जर्सीत. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे दुपारचे बारा, आणि रविवारच असल्यामुळे तो, सून, नातवंडं सगळी नटूनथटून फोनसमोर बसलेली. इकडे आरती सुरू झाली आणि तिकडे चित्र गोठलं. आजी कानबाईसमोर हात जोडून मुलाला हाक मारतेय आणि पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, शंभरची स्पीड पूर्ण येतेय. तुमच्या मुलाकडेच प्रॉब्लेम असेल." मुलाने तिकडे राउटर दोनदा बंद-चालू केला. फरक शून्य.

मी पोचलो तेव्हा जागरणाची गाणी चालू होती. टेस्ट लावली. डाउनलोड नव्वदच्या वर, अपलोड अर्धा एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप). चौकशी केल्यावर कळलं की प्लॅनच खाली (डाउनलोड) शंभर आणि वर (अपलोड) दहा असा होता. पत्रकावर वरच्या दहाचा कुठे उल्लेख नाही, घेताना कोणी विचारलंही नव्हतं. ते दहा कुठे जात होते? आलेल्या प्रत्येक पाहुण्याने येताक्षणी वायफायचा पासवर्ड घेतला होता. दिवसभराचे फोटो-व्हिडिओ प्रत्येकाचा फोन आपोआप गूगल फोटोजवर चढवत होता. भर म्हणून अंगणातले दोन सीसीटीव्ही कॅमेरेही सतत वर पाठवत होते. बाहेर जायची वाट एवढी ठासून भरल्यावर कॉलचं चित्र निघणार कुठून?

वायफायचा पासवर्ड बदलला, नवा फक्त कॉलच्या फोनला दिला, कॅमेरे तेवढ्यापुरते सोडवले. काही मिनिटांत चित्र स्वच्छ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाईचं विसर्जन त्या मुलाने तिकडे रात्री साडेदहाला बसून शेवटपर्यंत बघितलं. पण आदल्या रात्रीची आरती गेली ती गेलीच. त्या माउलीचा चेहरा आठवला की "चालतं हो, घ्या कोणतंही" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तेव्हा कनेक्शन घेताना पहिला प्रश्न अपलोड किती, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी. दोन्हीकडे सारखा वेग देणारा ५० चा प्लॅन मी खाली २०० आणि वर १० देणाऱ्या प्लॅनपेक्षा कधीही आधी घेईन. हिशेब साधा आहे. झूमवर १०८०पी दर्जाचा ग्रुप कॉल वर जाताना ३.८ एमबीपीएसच्या आसपास खातो. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस पुरतात असं सांगतं. त्यापुढचे मोठमोठे आकडे आईवडील दोघंच असलेल्या घरात भिंतीला टांगायच्या कामाचे.

दुपारी अकराला केलेली टेस्ट

विक्रेता येतो, फोनवर स्पीड टेस्ट लावतो, काटा सर्रकन वर जातो, काका खूश. ती टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते. मुंबईपर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढंच तिने सिद्ध होतं. आणि वेळ दुपारची, जेव्हा गल्लीत कोणी नेट वापरत नसतं. तुमचे कॉल होतात रात्री आठ ते अकरा, कारण तेव्हाच अमेरिकेत सकाळ असते आणि जर्मनीत लोक कामावरून सुटतात. नेमकी तीच वेळ अख्खी गल्ली मालिका, क्रिकेट आणि रील्स बघण्याची.

माझी सवय अशी: शेजारी त्याच कंपनीचं कनेक्शन असेल तर रात्री नऊ-साडेनऊला त्यांच्याकडे जाऊन बसायचं. टेस्टमध्ये सर्व्हर हाताने बदलायचा. मुलगा जर्मनीत असेल तर फ्रँकफुर्ट, इंग्लंडमध्ये असेल तर लंडन, अमेरिकेच्या पूर्वेला असेल तर न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सी. तिथे अपलोड किती मिळतो ते बघायचं. दहा मिळाला तर कनेक्शन डोळे मिटून घ्या. पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, अमेरिकेपर्यंत दोनशे-अडीचशे मिलिसेकंद आला तर घाबरू नका. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि समुद्रातली वाट वळणावळणाची आहे. हे अंतर कोणतीही कंपनी कमी करू शकत नाही, आणि करतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. बघायचं ते हे की पिंग स्थिर आहे का. एकदा दोनशे, एकदा आठशे असा नाचत असेल तर कॉल तुटणारच.

लाइन कशाची आहे, हे न विचारणं

"फायबर आहे ना?" "हो, फायबरच." एवढ्यावर लोक समाधान मानतात. पण फायबर कुठपर्यंत?

खरं घरापर्यंतचं फायबर म्हणजे कंपनीच्या ऑफिसपासून तुमच्या भिंतीपर्यंत काचेची तार, मध्ये फक्त ती वाटून देणारे स्प्लिटर. त्यांना वीज लागत नाही. दुसरा प्रकार असा की फायबर चौकापर्यंत येतं, तिथे एका डब्यात स्विच बसवलेला असतो आणि तिथून घरोघर कॅट-५ किंवा कॅट-६ ची तांब्याची केबल जाते. त्या स्विचला वीज लागते आणि ती कोणाच्या तरी दुकानातून, कोणाच्या तरी गॅलरीतून घेतलेली असते.

भुसावळला एका गल्लीत रोज रात्री साडेनऊला नेट जायचं, सकाळी आपोआप यायचं. लोकांनी राउटर बदलले, एकाने तर पाच हजारांचा नवा घेतला. शेवटी डबा शोधत गेलो. त्याची वीज कोपऱ्यावरच्या दुकानातून होती आणि दुकानदार रात्री शटर ओढताना मेन स्विच बंद करून जायचा. त्याचा काही दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण गल्लीतल्या तीन घरांची मुलं अमेरिकेत, आणि त्यांची बोलायची वेळ साडेनऊनंतरची.

तांब्याच्या केबलचं आणखी एक दुखणं आहे. मे-जूनच्या वावटळी आणि कडकडाटात वीज जवळपास पडली की या तारेतून झटका येतो, स्विचचं पोर्ट आणि राउटर दोन्ही जातात. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. म्हणून शेजारच्या घरात शिरणारी तार स्वतः बघा. बारीक तार, टोकाला बहुधा हिरवी पिन आणि ती पॉन (लाइन जोडल्याचा) व लॉस (सिग्नल तुटल्याचा) असे दिवे असलेल्या डब्यात जात असेल तर काम पक्कं. जाड निळी-करडी केबल थेट राउटरमध्ये जात असेल तर चौकातल्या डब्याला बॅटरी आहे का, ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

याच ओघात लाइटचं. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" असं सगळे सांगतात, आणि घरातला फायबरचा डबा नेमका इन्व्हर्टर नसलेल्या पॉइंटवर सापडतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. घेण्याआधी डब्याच्या आणि राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते फोटो काढून दुकानात दाखवा. दोन्ही वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. एकालाच देऊन उपयोग नाही.

वर्षाचे पैसे एकदम भरणं

भरू नका. "बारा घ्या, दोन महिने फ्री" ऐकून हात खिशात जातो. आधी एक महिना घ्या, त्यात एक तरी वादळी संध्याकाळ बघा, मग ठरवा. छापलेल्या भावावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, तोही धरून बोला.

राउटरची जागा

टीव्हीच्या कपाटात, देव्हाऱ्यामागे, पत्र्याखालच्या माळ्यावर राउटर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. माळ्यावर त्याहून जास्त तापतं आणि मग राउटर दर दुपारी स्वतःच बंद-चालू होतो. आईवडील जिथे बसून बोलतात त्या खोलीत, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. जुन्या मातीच्या जाड भिंतींच्या घरात वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही. तिथे महागडा राउटर घेण्यापेक्षा एक केबल ओढून दुसरा साधा राउटर बसवा. टीव्हीला तर केबलच लावा.

हवेतलं फायबर

खांबावरून तार न येणाऱ्या गावांना, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांना, मळ्यातल्या घरांना ५जी वर चालणारं एअरफायबर मोठा आधार आहे, घ्या. पण दारात खरं फायबर असताना केवळ "उद्याच बसवून देतो" म्हणून हे घेणं हा निव्वळ उतावीळपणा. टॉवर सगळ्या गावाचा असतो, रात्री तो सगळ्यांत वाटला जातो.

समुद्रातल्या बिघाडासाठी कंपनी बदलणं

भारतातून युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबली तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधून जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे केबली तुटल्या. अशा दिवसांत वाहतूक लांबच्या वाटेने वळते आणि युरोपचे कॉल अडखळतात. यूट्यूब मात्र चालूच राहतं, कारण वर सांगितलंच. त्या आठवड्यात दुसरं कनेक्शन घेणाऱ्यांचे पैसे फुकट जातात, कारण दुसऱ्या कंपनीचा मालही बहुधा त्याच समुद्रातून जातो. बातम्या बघा, आठ दिवस थांबा. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून बघा असा सल्ला लगेच कोणीतरी देतो. त्याने साइट उघडायला थोडा फरक पडेल, गोठलेल्या चित्राला काही होत नाही.

तिकडच्या टोकाकडे दुर्लक्ष

पोरांनो, हे तुमच्यासाठी. सगळा दोष गावाकडच्या नेटचा नसतो.

दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल चालत नाहीत, कनेक्शन कितीही भारी घ्या. तिथे परवानगी असलेली बोटिम, झूम, टीम्ससारखी अ‍ॅप्स आहेत. तुम्ही जायच्या आधी त्यातलं एक आईच्या फोनवर टाकून, चार वेळा तिच्याकडून स्वतः लावून घ्या. व्हीपीएन (आपली नेटची वाट लपवणारं अ‍ॅप) लावून बंदी चुकवण्याचा सल्ला ऐकू नका. तिथल्या कायद्यात व्हीपीएनच्या गैरवापराला जबर दंड आहे, आणि नोकरी पणाला लावून कॉल करायची गरज नाही.

जर्मनीत घरचं नेट बहुतेकदा २४ महिन्यांच्या करारावर मिळतं. ऑनलाइन किंवा फोनवर केलेला करार १४ दिवसांत मागे घेता येतो. त्या दिवसांत लाइन चालू झाली तर रात्रीचे कॉल करून तपासा. तुमच्या इमारतीत टीव्हीच्या केबलवरचं कनेक्शन असेल तर आकडा भला मोठा दिसतो, पण अपलोड त्याच्या कितीतरी खाली असतो आणि संध्याकाळी शेजाऱ्यांबरोबर वाटलाही जातो. शक्य तिथे फायबर शोधा.

आणि इकडचं कनेक्शन तुम्ही तिकडे बसून ऑनलाइन बुक करू नका. वर सांगितलेली तार, डबा, शेजाऱ्याची रात्रीची टेस्ट, यातलं काहीच तिथून दिसत नाही. गावातल्या चुलत भावाला, मित्राला पाठवा.

तक्रार तोंडी करणं

लाइनमनला फोन करून "बघतो" ऐकलं म्हणजे तक्रार झाली असं नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. तो नसेल तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायची वाट बंद होते. टेस्टचे फोटो तारीख-वेळेसह ठेवा. रात्रीचे, बाहेरच्या देशाच्या सर्व्हरचे. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर राउटर बंद-चालू करत बसू नका, तार बहुधा कुठेतरी तुटली किंवा सुटलेली आहे. थेट "लॉसचा लाल दिवा आहे" असंच सांगा, म्हणजे माणूस जोड मारायचं मशीन बरोबर घेऊन येईल.