ग्रीक विजयचिन्हाची प्रतिकृती कशी करावी

साताऱ्यात दिवाळीला अजिंक्यताऱ्याची मातीची प्रतिकृती करणाऱ्या मुलांना शाळेच्या प्रदर्शनासाठी प्राचीन ग्रीकांचे ‘ट्रोपायॉन’ हे विजयचिन्हही सहज उभारता येईल. शेतातल्या बुजगावण्याप्रमाणे हातभर उंच काठीला आडवी काठी बांधून तो सांगाडा मातीत घट्ट रोवावा. त्यावर पुठ्ठ्याचे शिरस्त्राण, छातीचे चिलखत आणि डाव्या बाजूस गोल ढाल अडकवावी, कारण ग्रीक सैनिक ढाल डाव्या हातात धरत. ही आयुधे पराभूत शत्रूची असत, म्हणून ती नवीकोरी न दाखवता घाव बसलेली दाखवावीत.

जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. शत्रूने जिथे पाठ फिरवली तिथेच हे चिन्ह उभारत, आणि ‘वळणे’ या अर्थाच्या ‘ट्रोपे’ या शब्दावरूनच त्याचे नाव पडले. लाकूड कुजले तरी चिन्हाची डागडुजी करू नये, म्हणजे जुने वैर ताजे राहत नाही, असा विचार प्राचीन लेखकांनी नोंदवला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, त्यामुळे माहितीफलकावर तो अवश्य लिहावा.

दगडी नमुना हवा असल्यास ल्यूक्ट्राचे स्मारक निवडावे. इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्ज या ग्रीक नगरराज्याने तिथे स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरराज्याचा पराभव केला. त्या स्मारकाच्या गोल बांधणीवर दगडी ढाली कोरलेल्या आहेत.