पगार सातला, हिशेब एकपासून? घरखर्चाचं बजेट असं बसवा

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बऱ्याच घरांत पगार सात तारखेच्या आसपास होतो, पण घरचा हिशेब धरला जातो एक तारखेपासून. गोंधळ इथूनच सुरू होतो. म्हणून आधी आपला महिना पगारापासून पगारापर्यंत धरा. कर्जाचा हप्ता पाच तारखेला जात असेल, तर तो पगारानंतरच्या तारखेवर नेता येईल का, हे बँकेत जाऊन विचारा.

पहिल्या महिन्यात काहीच कमी करू नका, फक्त लिहा. एक शंभर पानी वही फ्रिजवर ठेवा आणि पेन दोऱ्याने तिलाच बांधा, नाहीतर ते मुलांच्या दप्तरात जातं. रात्री जेवणं झाली की मोबाइलमधले दिवसभराचे व्यवहार उघडून वहीत उतरवा. स्कॅन करून दिलेले वीस-तीस रुपये सकाळपर्यंत आठवत नाहीत. घरातल्या प्रत्येकाने आपलं आपण लिहावं. एकाने दुसऱ्याची झडती घ्यायला सुरुवात केली की वही आठवड्यात बंद पडते.

आता खरं काम. माझ्या अनुभवात बजेट दूध-भाजीने मोडत नाही, ते मोडतं वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. जूनमध्ये वह्या आणि गणवेश, उन्हाळ्यात वर्षाचा गहू नि मसाला, मध्येच गाडीचा विमा. हे खर्च अचानक येत नाहीत, आपण ते मांडलेले नसतात. एका रविवारी सगळ्यांनी बसून ते मांडा. समजा सिडकोतलं चौघांचं घर आहे: गहू-तांदूळ-मसाला १८,०००, शाळा १४,०००, दिवाळी १२,०००, लग्नं नि आहेर ६,०००, गाडी ४,०००, घरपट्टी ३,०००, गावची जत्रा ३,०००. बेरीज ६०,०००. बाराने भागा: महिन्याला ५,०००. पगार झाला की त्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका. उरलेल्या पैशांनाच पगार समजा. सुरुवातीला हात आखडतो, पण जूनमध्ये कुणापुढे हात पसरावा लागत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. पंचवटीत राहणाऱ्यांनी पाहुण्यांचाही रकाना आताच घालावा, कारण नातेवाईक येणार आणि यायलाच हवेत.

रोजच्या खर्चाला आठवड्याचं माप लावा. महिन्याचं माप फार मोठं पडतं, पहिल्या दहा दिवसांत हात सैल सुटतो. भाजीचे पैसे वेगळ्या बटव्यात घालून गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जा. बटवा रिकामा झाला की घरी.

कांदा मात्र एकदम घ्या. एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदा टिकतो, आणि पावसाळ्यानंतर भाव बहुतेक वेळा चढतात. घेताना मान बघा: बारीक आणि पूर्ण सुकलेली हवी. जाड मानेचा कांदा आतून सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. गोणीत बांधून ठेवू नका. हवेशीर जागी पसरा आणि पंधरा दिवसांनी एकदा हात फिरवून मऊ पडलेले काढून टाका.

विजेच्या बिलात रकमेआधी युनिट पाहा. १०० युनिटपर्यंत दर कमी असतो, त्यावरच्या युनिटांना बराच जास्त. तुमचं घर ११०-१२० वर अडकत असेल, तर गिझर आणि इस्त्रीकडे लक्ष दिलं तरी फरक दिसतो.

बचतीसाठी भिशीपेक्षा मला पोस्टातली आवर्ती ठेव बरी वाटते. महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची असते, आणि पैसे कुणाच्या शब्दावर अवलंबून राहत नाहीत.

एखाद्या महिन्यात दवाखाना निघेल आणि सगळी मांडणी विस्कटेल. तेव्हा वही मिटू नका. ज्या रकान्यातून पैसे घेतले तिथे ‘उसने’ असं लिहा आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत थोडे थोडे परत भरा. वर्षाच्या खात्यातून घेतले असतील तर आधी तेच भरा.

सहा तारखेच्या रात्री बटव्यात आणि खात्यात जे उरलं असेल ते मोजा. पहिल्या महिन्यात कदाचित एकशे चाळीस रुपयेच निघतील. नवा पगार त्यात मिसळण्याआधी तेवढे वर्षाच्या खात्यात टाका.